टेबलावर टेकलेलं कोपर

प्रिय नोएमी,

सगळ्यात आधी टपकला तो रोमचा एर्मेते. गळ्यात रेशमी रुमाल, पायात चकचकीत बूट, आणि दारातच विचारतो, जेवायला काय आहे. त्याच्यामागून नेपल्सच्या इम्माकोलाताबाई, आणि शेवटी दोघांच्या छत्र्या सांभाळत तुझा साहेब तार्चिझिओ. आपल्या पोव्हो गावातली खानावळ सोमवारी बंद असते, एवढंही त्या शहाण्याच्या लक्षात नव्हतं. मग तुमच्या लॅबमधून उतरून ही वरात थेट माझ्या स्वयंपाकघरात. तू तोवर तणतणत बापाकडे रोव्हेरेतोला निघून गेली होतीस. मला वाटलं, तुझा प्रयोग तपासायला आलेली माणसं म्हणजे कोण मोठी असतील. कसली मोठी! पावाच्या गोळ्यांचं सूप वाढलं, तर एर्मेते आधी वास घेऊन बघतो.

जेवता जेवता त्यानं तुझं काम निकालात काढलं. म्हणे, पोरगी दोन वर्षं सांगतेय की अणू इतके गार केले की त्याहून गार जगात काही नाही, आणि उजेडाच्या पाळण्यात त्यांना तालावर हलवत राहिलं तरी ते तापून उधळत नाहीत, सगळे मिळून एकासारखे डोलतात. आणि आज दाखवायच्या वेळी पडदा कोरा! असल्या खेळाला आणखी तीन वर्षं पैसे कशाला द्यायचे? तार्चिझिओनं मान डोलावली. एर्मेते नुसता खोकला, तरी यानं मान डोलावली. तुझ्या अणूंचं मला ठाऊक नाही बाई, पण हा गडी न हलवताच डोलतो. याच्या हाताखाली खपलीस होय गं?

तेवढ्यात एर्मेतेनं ऐटीत माझ्या टेबलावर कोपर टेकलं. आपल्या टेबलाचा एक पाय आखूड. सगळ्या वाडग्यांतलं सूप एकदम हिंदकळलं आणि बाईंच्या झग्यावर सांडलं. त्यांनी चमचा खाली ठेवला, डाग पुसला आणि अगदी हळू म्हणाल्या, "एर्मेते, वर लॅबमध्ये त्या पोरीच्या आरशांच्या टेबलावरही तू असाच रेललास. आरसे हलले आणि त्याच क्षणी पडदा कोरा झाला. मी पाहिलं, तार्चिझिओनं पाहिलं, आणि आम्ही दोघं गप्प बसलो."

एर्मेतेचं तोंड बीटासारखं लाल झालं. तार्चिझिओ वाडग्यात बघत राहिला. त्याला मी दुसऱ्यांदा वाढलंच नाही. बाईंना मात्र तीनदा वाढलं, आणि त्या गेल्यावर एकटीच हसत बसले.

फोन तू बंद ठेवलायस, आणि तिकडे राजीनामा लिहीत बसली असशील, मी ओळखत नाही का तुला? म्हणून हे बसवाल्या तुल्लिओच्या हाती धाडतेय. तो कागद फाडून टाक. तुझं काही चुकलं नव्हतं. बाईंनी माझ्यादेखत ठरवून टाकलंय: प्रयोग पुन्हा बघायचा, एर्मेतेनं हात मागे बांधून दाराशी उभं राहायचं, आणि यंत्र तूच चालवायचं, तार्चिझिओनं नाही. ये बाळा लवकर. गुरुवारी सकाळी येतायत ते.

तुझीच,
आजी एर्सिलिया