सुरेशचा नारळ

अल कुसैस, दुबई
२ डिसेंबर १९९८

ती. आईला विघ्नेशचा नमस्कार,

मी बरा आहे. आज या देशाचा स्वातंत्र्याचा दिवस, म्हणून कामाला सुट्टी. बिल्डिंगींवर दिव्यांच्या माळा आम्हीच चढवल्या. काम उंचावरचं, पण मी पट्टा बांधतो. तुझा गुडघा कसा आहे?

सुरेशने दिवाळीत चूल वेगळी केली हे तू कळवलंस, तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. मोठा भाऊ म्हणून त्याला खडसावून पत्र लिहिलंय, ते अजून उशाखालीच आहे.

काल आमचे साहेब सालेम, इथलेच अरब, या देशाची गोष्ट सांगत होते. इंग्रज जाणार म्हटल्यावर नऊ राज्यांनी एकत्र यायचं ठरवलं. वर्षानुवर्षं नुसत्या बैठका. दोन बाजूला झाली. एकाहत्तर साली आजच्या दिवशी देश जाहीर झाला, तेव्हा सह्या सहांच्याच. सातवं रास अल खैमा, ते पुढच्या फेब्रुवारीत आलं. साहेब तिथलेच.

मी विचारलं, "उशिरा आलात म्हणून कोणी बोललं नाही?"

ते हसले. "घरवाला घर आया तो कौन पूछता है? यल्ला, काम करो."

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. ते पत्र मी पाठवत नाही.

शिमग्याला देवीची पालखी अंगणात येईल. सुरेश आला तर त्याला काही विचारू नकोस. नाही आला, तरी ओटीच्या ताटात त्याच्या नावाचा नारळ ठेव.

माझी सुट्टी अजून मंजूर नाही. त्याच्या शेजारी माझाही ठेव.

तुझा,
विघ्नेश