घंटीचा हातचा

सोम., १८ नोव्हें. अकोला

फक्त झालं ते.

१. अकोटच्या तक्त्यात बोंडअळीचा अंदाज चुकला. अळी कुणी मारलीच नाही तर हंगामाअखेर किती होईल, तो आकडा. खरा चौदा आकडी, नागपूरला गेला तेरा आकडी. धोक्याच्या यादीत अकोट अचलपूरच्याही खाली दिसलं.
२. आमच्या हिशेबाच्या यंत्राला आकड्यांच्या खिडक्या तेरा. वाढीच्या गणितातली ई ही संख्या (२.७१८), तिचा २९वा घात मावतो, ३०वा मावत नाही. बेरीज तेरा खिडक्यांबाहेर गेली की डावीकडचा एक गळतो आणि घंटी वाजते. ती ऐकून कागदाच्या कडेला आपण लिहायचं : हातचा १.
३. घंटी वाजली नाही. हातचा लिहिला गेला नाही.
४. मुख्य गणक राऊतसाहेबांनी यंत्राची मागची पट्टी उघडली. घंटीच्या वाटीत कापसाचा बोळा.
५. अकोटचा तक्ता माझ्याबरोबर काम करणाऱ्या विमलचा.
६. बोळ्याचा दोष माझ्यावर.

दुरुस्त आकडा दुपारीच तारेने गेला. ते एक बरं.

मंगळ., १९

काल सहावं कलम लिहून थांबले. आज पुढचं.

माझ्या रीतीत तीन घात असले की सर्वांत मोठा आधी बाहेर काढायचा. अकोटचे २९.५, २९.३, २८.९. साडेएकोणतीस बाजूला ठेवला की उरतात शून्य, उणे ०.२, उणे ०.६. त्यांच्या किमती १, ०.८१८७, ०.५४८८. बेरीज २.३६७५. मोठा घात शेजारी लिहून ठेवायचा, अगदी शेवटी कागदावर गुणायचा. यंत्र भरतच नाही.

म्हणून मला घंटी लागत नाही. म्हणून ती मुकी झालेली मला कळलंही नाही.

वि. जुन्याच रीतीने करते. मी दोनदा शिकवायला बसले. "तुह्या रीतीले एक स्तंभ जास्त लागते. कागद कोठून आणू? तुह्या बापाच्या मळ्यात पिकते काय?" हसलो होतो दोघी. लढाई संपली, कागद अजून मोजूनच मिळतो. तेही खरंच.

साहेबांनी विचारलं, बोळा कुणी घातला. मी वि.कडे पाहिलं नाही. तिला बोलायला जागा द्यावी म्हणून.

ती म्हणाली, "कुसुमच्या रीतीले घंटी लागतच नाई, साहेब."

एवढंच. वाक्यात खोटा शब्द एकही नाही.

गुरु., २१

बोळा साहेबांनी टेबलावर काचेखाली ठेवलाय, पुरावा म्हणून. काल सही करायला गेले तेव्हा काच उचललेली होती. निलगिरीच्या तेलाचा वास. स्पष्ट.

वि. डोकं दुखलं की कापसावर तेल घेऊन कपाळाला लावते. एका खोलीत राहतो आम्ही. तो वास माझ्या उशीलाही आहे. "त्या घंटीनं माह्यं डोस्कं उठते वो कुसुम, देवळात बसल्यावानी वाट्टे." गेल्या महिन्यात म्हणाली होती. मी म्हटलं होतं, मग माझी रीत घे.

साहेब तपकीर ओढतात. त्यांना वास येणं नाही.

सांगितलं नाही. का, ते अजून

शुक्र., २२

साहेबांनी बोलावलं. "कुसुमबाई, रीत तुमची हुशारीची असेल. पण ज्याला घंटी नको, तोच घंटी बंद करणार. दुसऱ्या कोणाला काय गरज?"

मी म्हटलं, "ज्याला घंटी नको, त्याला ती बंद करायचीही गरज नाही."

त्यांनी तपकिरीची डबी मिटली. मग म्हणाले, "हे लेखी द्या."

तोवर यंत्राला हात लावायचा नाही. माझी रीत बंद. शनिवारी, तीसला, अहवाल नागपूरला जाणार. त्यात नाव असेल. नाव गेलं की नोकरी गेली, आणि दुसरीकडे कुठे मुलीला यंत्रावर बसवतात?

संध्याकाळी वि. रजेवर अकोटला, घरी गेली. जाताना माझं दोरीवरचं लुगडं घडी करून ठेवलं. रोज ठेवते तसं.

रवि., २४. अमरावती

बाबा मळ्यात. आई आणि मी ओसरीवर, शेवंतीची फुलं निवडत. आईला सगळं सांगितलं. घातांचं सोडून.

"मंग विचार ना तिले. काहून गप बसून राहिली?"

"विचारलं तर नाही म्हणेल."

"म्हनू दे. तिच्या तोंडानं तरी म्हनन ना. आता तं तूच तिच्या वाटचं बोलून राहिली."

मी म्हटलं, साहेबांना वासाचं सांगते, संपलं.

आई टोपलीतली किडकी फुलं काढत राहिली. "सांग. मंग एका खोलीत झोपसान कशा?"



सोम., २५. अकोला

दुपारी साहेब जेवायला गेले तेव्हा यंत्राला हात लावला. सगळ्या खिडक्यांत नऊ आणले, मग एक मिळवायला हँडल एकदा फिरवलं. तेरा शून्यं, आणि घंटी. मोठा आवाज आहे. तिचं डोकं खरंच दुखत असेल.

राग बोळ्याचा नाही. बोळा तिने माझ्याविरुद्ध घातला नव्हता. राग त्या एका खऱ्या वाक्याचा. ते तिने माझ्या रीतीतून उचललं. रीत शिकायला नको होती, तरी तिला इतकी नीट समजलेली.

साहेबांना द्यायचं लेखी तयार आहे. निलगिरीची ओळ अजून घातलेली नाही. जागा सोडलीय.

अकोटला धाडायची चिठ्ठी आधी इथे :

विमल,
बोळा तू घातलास, हे मला माहीत आहे. कसं, ते तुलाही माहीत आहे. साहेबांना मी अजून सांगितलेलं नाही. तू स्वतः सांगणार आहेस का, एवढंच हवं. कारण नको, माफी नको. हो किंवा नाही, शुक्रवारपर्यंत कळव.
कुसुम