शोभाचा भरवसा

४ डिसें.
स्तनपानाच्या प्रश्नावलीचं मराठी अजून बसत नाही. 'बाळाला पुरेसं दूध पाजण्याबाबत मला आत्मविश्वास वाटतो.' हे वाचलं की बायका पदर सावरून बसतात, जणू भाषण करायचंय. परभणीत रझियाबी नावाच्या बाळंतिणीला दख्खनीत विचारलं तर हसली. "भरोसा? दूध का?" म्हणजे दुधाचा कसला भरवसा! खेड्यातल्या बायकाही भरवसाच म्हणतात. तोच शब्द घ्यावा.

६ डिसें.
पिंगळी. शोभा, विशीतली. मुलगी दीड महिन्याची, वजन छान. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "हाय की भरवसा." पूर्ण गुण! उठताना सहज विचारलं, एवढा भरवसा आणलास कुठनं गं?
"पहिलं बी पोटभर पीत होतं."
पहिलं कुठंय, हे ओठांवर आलं तेवढ्यात सासूनं चहा पुढं केला. प्यायले असेन. विचारायचं राहून गेलं.

७ डिसें.
गावच्या आशा सेविकेनं सांगितलं. पहिला मुलगा. कुशीवर पडून पाजताना शोभाचा डोळा लागला. जाग आली तेव्हा पोरगं गार. अंगाखाली गेलं म्हणतात लोक. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते, पण ते कोण ऐकतंय.


९ डिसें.
विद्यापीठात, विभागात मार्गदर्शक सरांना सांगितलं. "उत्तरं स्पष्ट आहेत, गुण तेच राहतील. दुःख मोजायचं साधन वेगळं." त्यांचं चूक नाही. तरी पटत नाही.

१२ डिसें.
पिंगळीला गेले, कागद न घेता. शोभाचे डोळे आत गेलेत. सासू म्हणाली, "झोपतच न्हाई ओ बाई. डोळा लागायला लागला की सोताला चिमटे घ्यायलीय." दंडावर काळेनिळे डाग. म्हटलं, दवाखान्यात दाखवू.
"मला दूध लय हाय," शोभा.
"दुधाचं नाही गं. झोपेचं."
"झोपंचं नगा काढू."
पाजून झालं की पोर सासूकडं देत जा, म्हटलं. निघताना मागून शोभा, "तुमी बसता का कवा पोरीला घिऊन?"

१५ डिसें.
दुपारी गेले. मुलगी माझ्या मांडीवर. शोभा शेजारी आडवी, पोरीचं पाऊल मुठीत धरून. झोपली एकदाची. मी पोरीची छाती बघत बसले. थोड्या वेळानं वाटलं, हलत नाही. गाल तिच्या नाकाशी नेला. तिचा श्वास गालाला लागला. पुन्हा नेला. पुन्हा. माझेच हात गार पडले.
पोर भुकेनं रडली. शोभा दचकून उठली. मला ओळखलंच नाही तिनं.
"गार हाय?"
"नाही गं. अंग ऊन आहे. भूक लागलीय."
तिनं हात पुढं केले, मागं घेतले.

१६ डिसें.
सासूचा फोन. सकाळपासून शोभा पोरीला अंगाला लावंना. दूध वाटीत काढून देते, म्हणते तुमी पाजा. सासूनं चमच्यानं पाजलं. पोर प्यायली. शोभा दाराआडून बघत उभी.
उद्या दवाखान्यात यायला कबूल झालीय. "दवाखान्याच्या फाटकापशी तुमी थांबा म्हणायलीय."
थांबते म्हटलं. फोन ठेवताना पलीकडं पोर रडत होती. गप करा तिला, म्हणायचं होतं. मग वाटलं, रडू दे, शोभाला तिचा श्वास ऐकू येईल.