बाटली पानावर येणार नाही

अहो वैशूचे पप्पा,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. पुरणाची डाळ अजून निवडायची पडलीय आणि मी वही घेऊन बसलेय. चौथी शिकलेली बाई मी, चुकांकडे बघू नका. आत्ताच भावजींचा फोन येऊन गेला. तुम्हाला बोलल्याशिवाय माझा हात कामाला लागणार नाही.

म्हणतात, "वहिनी, पानावर ठेवायची बाटली मी आणतो. तुम्ही लाजू नका. कावळ्यानं दहाव्यालाच दाखवलंय ना काय ते!"

ऐकलंत? तुमचा सख्खा भाऊ!

आणि खरं सांगू, राग तुमचापण येतो. सांगवीच्या घाटावर पिंड मांडला, तर कावळे नुसते झाडावर बसून. तुमच्या मावशी म्हणाल्या, "अगं, इच्छा राहिलीय त्यांची. बोल काहीतरी, वचन दे." मी पदर सावरून पुढं झाले. वैशूबद्दलच बोलणार होते. तेवढ्यात भावजींनी खिशातून क्वार्टर काढली, बूच फिरवलं आणि पिंडापाशी ओतली. आणि लगेच कावळा! माझं वचन तोंडातल्या तोंडात राहिलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. जो तो मनात म्हणत असणार, लिवरनं गेला ना, मग काय!

बाजाराला निघायचं म्हटलं तर तासभर चपला शोधणारा माणूस तुम्ही. घाटावरच कसली हो घाई झाली? जरा थांबला असतात!

आणि खिशात बाटली कुणाच्या होती, हे मात्र कुणी विचारलं नाही.

थेंबाला शिवला नाहीत कधी. चाकणच्या तुमच्या कंपनीतल्या पोरांची पार्टी असली की ते ग्लास भरायचे आणि तुम्ही थंड्याच्या, त्या गोड कोल्ड्रिंकच्या, बाटलीवर बाटली. मग एकेकाला स्कूटरवर घालून घरी पोचवायचं. रहाटणीतल्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस गं. मीपण फुगायचे. फ्रीजमध्ये तुमच्यासाठी थंडा भरून ठेवायचे. गोडच तर पितोय! पोट सुटलं तर म्हटलं, अंगाला लागतंय. शुगर निघाली तर तुम्ही म्हणालात, आमच्या शॉपमधल्या निम्म्या कामगारांना आहे. मग एक दिवस डोळे पिवळे दिसले. मग पोटात पाणी. मग काय राहिलं?

आता नीट ऐका. वैशूच्या कंपनीत सगळ्यांची तपासणी झाली. तिच्या लिवरवर चरबी निघालीय, शुगर काठावर. आणि पोरगी हसली! "आई, मी कुठं पिते? मला काय होतंय!"

अगदी तुमचंच तोंड, तुमचंच बोलणं.

ओढत नेलं तिला डॉक्टरीणबाईंकडे. खुर्चीत बसायच्या आधी विचारलं, "न पिता लिवर जातं का? हो की नाही, तेवढं सांगा."

"जाऊ शकतं, मावशी," बाई म्हणाल्या. "लिवर नुसतं पचनाला नाही. ते प्रथिनं बनवून रक्तात सोडतं. ती अंगभर निरोप नेतात. लिवरमध्ये चरबी साठली की निरोप बिघडतात. मग अंग इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, साखर रक्तातच फिरते, चरबी आणखी साठते. त्यांतल्या काही प्रथिनांचा त्रास हृदयालापण होतो."

"म्हणजे सुपरवायझर बिघडला की सगळी लाइन बोंबलली?"

हसल्या. "तसंच. पण लाइन बिघडली तरी सुपरवायझर बिघडतो. दोन्हीकडून आहे ते."

"मग त्या प्रथिनांवरच गोळी द्या की!"

"त्यावर शोध चालू आहे अजून, सगळं कळलेलं नाही. आत्ता आपल्या हातात वजन आहे, चालणं आहे, गोड पेयं बंद करणं आहे. वेळेत लक्ष दिलं तर चरबी उतरते."

उतरते! अहो, उतरते म्हणे! तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं का? की सांगितलं आणि तुम्ही ते कंपनीच्या गेटावरच ठेवून आलात? पीत नाही, पीत नाही म्हणत सगळे निवांत बसलो. घरात एकानं तरी आरडाओरडा करायचा!

म्हणून ही बाटली मला नको. लोक काय म्हणतात ते जाऊ दे खड्ड्यात. पण उद्या पानावर बाटली दिसली की वैशू काय समजेल? पप्पा लपून प्यायचे म्हणून गेले. मी पीत नाही, मी सुटले. सुटली नाही ना हो ती!

भावजींना म्हटलं, "बाटली घेऊन आलात तर दारातनं परत पाठवीन."

मग म्हणाले, "मग कावळा कसा शिवला, वहिनी?"

मी फोन ठेवला. उत्तर आता सुचतंय. भूक लागली असेल त्याला! सकाळपासून बसला होता बिचारा. पण भावजींचंपण पोट बघितलंय मी, तुमच्यावर गेलंय. उद्या जेवण झालं की त्यांनाही डॉक्टरीणबाईंचा पत्ता देणार आहे. चिडले तर चिडले.

तर घाटावर राहिलेलं माझं वचन आता घ्या. उद्याच्या पानावर दारू नाही, तुमचा लाडका थंडापण नाही. साधा पाण्याचा तांब्या ठेवीन. चारचौघांत, पानासमोर उभी राहून, वैशूला ऐकू जाईल असं सांगीन की तुझे पप्पा न पिता गेले. आणि संध्याकाळी तिला हाताला धरून चालायला काढीन. रडली तरी, भांडली तरी. रोज.

गच्चीवर पान ठेवल्यावर कावळा नाही आला तर मी तिथून हलणार नाही. या वेळी माझं सगळं बोलून होऊ द्या. मग या.

तुमच्यावर अजून चिडलेली,
वैशूची आई