टाकीतलं बाळंतपण

१ जून, रविवार
आज हौशी प्रवाळ मंडळाची सभा. दरवर्षी मंडळ एका सभासदाच्या घरी जाऊन त्याची मासे-प्रवाळांची टाकी बघतं. यंदा कोणाकडे, असं अध्यक्षांनी विचारलं आणि माझा हात वर गेला. बाकी कोणाचाच गेला नाही. लोक फार मागे राहतात. तारीख ठरली, २७ जुलै.
अध्यक्ष पेशाने डेंटिस्ट. त्यांच्या टाकीतलं पाणी दिसतच नाही, मासे हवेत तरंगल्यासारखे वाटतात. आपलंही तसं होईल. वेळ भरपूर आहे.
घरी सांगितलं. बायको टाकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, पाहुण्यांना आतलं काही दिसावं असा बेत आहे का. काच पुसायला झाली आहे हे मान्य.
संकल्प: दर रविवारी पाणी तपासणे, थोडं बदलणे, यंत्रं धुणे. पुढच्या रविवारपासून. आजचा रविवार सभेत गेला.

३ जून
टाकीची नोंद करून ठेवतो, पुढे अनुभवकथन लिहिताना उपयोगी पडेल. हॉलमध्ये सोफ्यासमोर. खारं पाणी, तीन मासे, एक गोगलगाय, बाकी प्रवाळ. त्यात मुख्य म्हणजे मुठीएवढं, घड्याघड्यांचं, हिरवट प्रवाळ. आई त्याला अक्रोड म्हणते. बाबा गेल्यापासून आई टीव्ही लावत नाही आणि घराबाहेरही पडत नाही. टाकीसमोर खुर्ची टाकून बसते आणि अक्रोडाशी बोलते. माझ्यापेक्षा जास्त. अक्रोड मधे बोलत नाही, हे कारण असावं.

८ जून, रविवार
पाणी तपासलं. नळीत थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. फिकट आला तर पाणी शुद्ध. रंग आला डाळिंबी. तपासणीचा संच जुना झालाय. नवीन मागवायला हवा.
पाणी बदललं नाही. ज्या पाण्याची नीट तपासणीच झालेली नाही ते बदलणं अशास्त्रीय आहे.

११ जून
नवा संच आला. रंग डाळिंबीच. कंपनी तीच घेतली, ही चूक झाली.

१५ जून, रविवार
कामाचा दिवस. टाकीत लाटा उठवणारा पंप सोडवला आणि व्हिनेगरमध्ये भिजत घातला. त्यावर चढलेला चुना विरघळतो. तासाभराचं काम.

२१ जून
बायकोने विचारलं की ओट्याखालच्या पातेल्यात काय आहे. पंप. आठवडाभर भिजल्यामुळे आतून बाहेरून निर्मळ झालाय. एवढी सखोल स्वच्छता मंडळात कोणी करत नसेल. मधल्या काळात टाकीत लाटा नव्हत्या, पण समुद्रही कधी कधी शांत असतो.
दगडांवर लालसर मखमल पसरली आहे. दिसायला बरी दिसते. राहू दिली.

२४ जून
मोठी बातमी. अक्रोडाला अपत्य झालं.
त्याच्या शेजारच्या दगडावर एक नाजूक, काचेसारखं, तपकिरी फूल. सभोवती केसांसारखे हात. हात लावला की पटकन आत जातं. लाजतं. आईला दाखवलं. ती चष्मा लावून बराच वेळ बघत होती. म्हणाली, आईच्या वळणावर गेलेलं दिसत नाही. मी म्हटलं, लहानपणी कोण कोणासारखं दिसतं.

२९ जून, रविवार
आणखी पाच. घरच्या टाकीत प्रवाळाची पैदास करणं भल्याभल्यांना जमत नाही. मी विशेष काही केलेलंही नाही. हातगुण असतो.
ड्रॉपरने प्रत्येकाला वेगळं भरवतो. वाढ बघण्यासारखी आहे.
पाणी बदलणं तूर्त स्थगित. बाळंतिणीला त्रास नको.

५ जुलै
डाळिंबी रंगाचा उलगडा झाला. सकाळी आईला माशांना खायला घालताना बघितलं. म्हणाली, तू विसरतोस म्हणून रोज मीच घालते. तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, अहो आई, मीसुद्धा रोज घालते, हे विसरतात म्हणून. आणि मी तर कधी विसरलेलोच नाही. म्हणजे मासे तिन्ही त्रिकाळ जेवत होते, उरलेलं कुजत होतं आणि पाणी खराब होत होतं.
संचाच्या कंपनीला लिहिलेलं तक्रारपत्र अजून पाठवलेलं नव्हतं, हे बरं झालं.
नवा नियम: खायला फक्त मी घालणार.

८ जुलै
दोन दिवस विसरलो. माशांना लंघन चांगलं.

१० जुलै
पिल्लं आता मोजण्यापलीकडे आहेत. कल्पना सुचली. पाहुण्यांना परतीची भेट म्हणून प्रत्येकी एक पिल्लू, छोट्या बरणीत. प्रयोग म्हणून एका पिल्लाचे नेलकटरने चार तुकडे केले. दुपारी ऑफिसमध्ये चैन पडेना.

१२ जुलै
चारही तुकडे जगले. माझा हात ज्याला लागतो ते वाढतं. बायको म्हणाली, हो, पसारासुद्धा.

१५ जुलै
ऑफिसमधून आलो तर दारात खालच्या मजल्यावरचे वकील. त्यांच्या दिवाणखान्यात छतातून पाणी गळतंय. थेंब चाखून पाहिला म्हणाले, खारट आहे, म्हणजे तुमचंच. पुरावा गोळा करायची सवय.
झालं असं की टाकीतलं पाणी वाफ होऊन कमी झालं की एक तरंगतं बोंडूक खाली जातं आणि मशीन आपोआप गोडं पाणी सोडतं. त्या बोंडकावर गोगलगाय जाऊन बसली. बोंडूक खाली गेलं आणि मशीनने पिंपच्या पिंप आत सोडलं. टाकी वरून वाहिली. मशीनचा यात दोष नाही. गोगलगाईला समज देता येत नाही.
आई आणि बायकोने चादरी टाकून हॉल कोरडा केला. मी वकिलांशी बोलणी केली. चहावर निभावलं.

१६ जुलै
गोडं पाणी शिरल्यामुळे खारटपणा उतरला होता. मुठी मुठी मीठ थेट टाकीत टाकलं. मीठ विरघळवून, हळूहळू घालावं असं पुस्तकात आहे, पण पुस्तकं सावध लोक लिहितात.

१९ जुलै
अक्रोड आकसलाय. कडेने पांढरा पडलाय. आई म्हणाली, हा मला बरा दिसत नाही. मी समजावलं की एवढ्या बाळंतपणानंतर थकवा येणारच. तिचं समाधान झालं नाही. दुपारभर खुर्ची काचेला चिकटवून बसली होती. जेवायलासुद्धा उठवावं लागलं.
पिल्लं मात्र टुमटुमीत.

२६ जुलै
काच पुसली, आतून आणि बाहेरून. आत इतकं काय काय आहे याची कल्पना नव्हती. बायकोने बिस्किटं आणली. बरण्या भरल्या, प्रत्येकीला रिबीन बांधली. उद्या आपला दिवस.

२७ जुलै, रविवार
मंडळी आली. दारातच एकेकाच्या हातात बरणी दिली. लोक बरणीकडे बघायचे, मग एकमेकांकडे. आश्चर्य असतंच. एका बाईंनी बरणी हळूच चपलांच्या कपाटावर ठेवली आणि हात साबणाने धुऊन आल्या.
डेंटिस्टांनी खिशातून बारीक टॉर्च काढला आणि पेशंटचं तोंड बघावं तसे टाकीत वाकले. बराच वेळ वाकून होते. मग विचारलं की मी यांना कधी कापलं वगैरे नाही ना. मी नेलकटरचं सांगितलं. बिस्किट चावल्याचा आवाज तेवढा येत होता.
ते शांतपणे म्हणाले, हे प्रवाळाचं पिल्लू नाही. हे तण आहे. घाणीवर पोसतं, कापलं की तुकड्यागणिक नवं उगवतं आणि शेजाऱ्याला डंख मारून जाळतं. तुमचं हे हिरवं प्रवाळ व्यालेलं नाही, ते मरायला टेकलंय.
मी म्हटलं की माझाही तसाच कयास होत चालला होता.
तेवढ्यात आई खुर्चीतून उठली. माझ्याकडे न बघता तिने डेंटिस्टांना विचारलं, तो वाचेल का. ते म्हणाले, माझ्या दवाखान्यात एक टाकी आहे, तिथे नेलं तर कदाचित. आईने चप्पल घातली. अक्रोड बादलीत गेला. बादली मांडीवर घेऊन आई त्यांच्या गाडीत बसली. मी मागे बसणार होतो, पण तिथे मंडळींनी परत केलेल्या बरण्या होत्या. डेंटिस्ट म्हणाले, यांची विल्हेवाट मीच लावतो.

२८ जुलै
मंडळाच्या ग्रुपवर माझ्या टाकीचे फोटो. खाली लिहिलंय, नवीन सभासदांनी नीट बघून ठेवावं. सगळ्यांनी अंगठे दिले. मीही दिला. मंडळाच्या इतिहासात एवढी चर्चा कोणत्याच टाकीची झाली नसेल.

३ ऑगस्ट, रविवार
टाकी रिकामी केली. दगड गॅलरीत वाळत घातले. मासे डेंटिस्टांकडेच गेले. बायकोने रिकाम्या जागेकडे बघितलं आणि काही बोलली नाही. मूग गिळून बसणं तिला शोभत नाही. मला बोलणी खायची सवय आहे.

१० ऑगस्ट, रविवार
आई आता रोज संध्याकाळी चालत दवाखान्यात जाते. वेटिंगमध्ये टाकीसमोर बसते. आज मीही गेलो. अक्रोड फुगलाय, हिरवागार, घड्या उमललेल्या. आमच्याकडे तो असा कधी दिसला नव्हता. आईच्या शेजारी गाल सुजलेल्या एक आजी होत्या, दोघींच्या गप्पा रंगल्या होत्या. आई हसत होती. मी मधे बोललो नाही.
डेंटिस्टांनी मला आत बोलावलं. टाकीबद्दल सल्ला हवा असेल असं वाटलं. खुर्चीत बसवलं, आ करायला सांगितलं आणि तोच बारीक टॉर्च घेऊन वाकले. मग म्हणाले, एक दाढ आत्ताच काढावी लागेल, बाकीच्या अजून वाचतील, पण रोज दोन वेळा घासायला हवं. मी ऑफिसच्या कामाचा ताण सांगायला लागलो, पण तोंडात त्यांचा हात होता.
दाढ काढली. संकल्प: रोज दोन वेळा. उद्यापासून. आज तोंड बधिर आहे.