पाळी कधी बंद झाली?

कोल्हापूर,
१९ ऑगस्ट १९९७

प्रिय अक्का,

तुला आणि घरातल्या मोठ्यांना नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. आपल्या अव्वाचा गुडघा जरा बरा आहे, पण जिना चढू नको म्हटलं की मुद्दाम चढते. माझा वीरेश परीक्षेच्या नावानं मित्राकडे पडून असतो. मी मजेत.

काल भावजी दुकानाचा माल न्यायला शाहूपुरीत आले होते, तेव्हा घरी डोकावले. चहा घेता घेता म्हणाले, "दाने, तुझ्या अक्काचं काय खरं न्हाय बघ. परवा सुनंच्या अंगावर पळी भिरकावली की! हात थरथरत्यात, सांगितलेलं ध्यानात ऱ्हात न्हाय. पाळी जाताना बायकांचं डोकं फिरतंय म्हणत्यात, पण दोन-दोन वर्षं फिरतंय व्हय?"

येत्या सोमवारी तुला मिरजेला डोक्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलंय, असंही म्हणाले. "यावर अक्का काय म्हणाली?" मी विचारलं.

"ती काय म्हणणार? गप बसली."

तू आणि गप? तेव्हापासून मला चैन नाही.

माझं संशोधन कशावर चाललंय, हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. "बायकांच्या हाडांवर" म्हणून विषय बदलत आले. आता सांगते. शिसं शरीरात गेलं की शरीर त्याला कॅल्शियमच समजतं आणि हाडात ठेवून देतं. वीस-तीस वर्षं ते तिथे पडून राहतं. पाळी गेली की बाईची हाडं भराभर झिजू लागतात आणि आत साठलेलं शिसं रक्तात उतरतं. मग रक्तदाब वाढू शकतो, हात कापू शकतात, विसरायला होतं, राग आवरत नाही. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या आपल्याकडच्या बायकांत असं दिसतं का, ते मी बघते आहे.

त्यात एक फजिती झाली. एका छापखान्यात बायकांना माहिती विचारत होते. बाळासो फोरमन शेजारून हलायला तयार नाही. म्हणून आवाज खाली आणून एवढंच विचारलं, "पाळी कधी बंद झाली?" चिमणाबाई म्हणाल्या, गेल्या दिवाळीला. शालूबाई म्हणाल्या, दिवाळीलाच की. तानाबाईंचंही तेच. त्यांतली एक चाळिशीची, एक साठीला टेकलेली! शिशानं सगळ्यांची पाळी एकदमच थांबवली, असं वाटून मला रात्रभर झोप नाही. मनातल्या मनात निबंधाचं नावसुद्धा ठरवलं. पुढच्या खेपेला चिमणाबाईंना विचारलं, "तेव्हापासून कसं वाटतंय?"

"झ्याक वाटतंय की. दिवस मावळायच्या आत घरी जाऊन भाकरी थापाय मिळत्यात."

संध्याकाळची पाळी, अक्का! मालकानं कामाची दुसरी पाळी बंद केली होती, ती. मी त्यांच्या कानात माझा प्रश्न नीट सांगितला, तर त्या मशीनच्या आवाजावर ओरडल्या, "अगं शाले, बाईंनी *ती* पाळी इचारलीती! आन् हा बाळासो कान टवकारून हुबा हुता की गं!"

हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले. घरी आल्यावर मात्र लाज वाटली. मला जे हवं होतं तेच मी ऐकलं होतं. आता काल भावजी तुझ्या हातांबद्दल बोलले आणि माझ्या मनात पहिला शब्द आला तो "शिसं". तुझी काळजी आधी आली की माझा विषय? खूप विचार केला, पण ठरवता आलं नाही. तुझा त्रास वयाचा असेल. थायरॉइडचा असेल. मिरजेचे डॉक्टरही बरोबर असतील.

पण एक गोष्ट आहे, जी लिहायचं मी टाळते आहे. तुलनेसाठी शिशाशी कधी संबंध न आलेल्या बायका हव्या होत्या. म्हणून कॉलेजातल्या आम्ही काही जणींनीच रक्त दिलं. निकाल आले. सगळ्यांचे आकडे जवळपास सारखे, एकीचा मात्र दुपटीच्या घरात. नळी बदलली असेल म्हणून नमुना पुन्हा पाठवला. पुन्हा तेच. अक्का, ती मी आहे. माझी पाळी गेल्या वर्षीच गेली, हेही कुणाला बोलले नव्हते. वर "मी मजेत" लिहिलं, ते खरं नाही.

तुझ्या लग्नानंतर अप्पांनी आपला छापखाना विकला, त्याला तीस वर्षं झाली. मी तिथे काम असं केलंच नाही. तू खिळे जुळवायचीस आणि मी खाली बसून सांडलेले गोळा करायची, एवढंच. तू मात्र बाराव्या वर्षापासून लग्नापर्यंत तिथे उभी होतीस. खिळ्यांच्या खणातली धूळ तोंडानं फुंकायचीस. हात मोकळा नसला की खिळा ओठांत धरायचीस. मध्येच त्याच हातानं मला भाकरीचा घास द्यायचीस. माझ्यात एवढं आहे, तर तुझ्यात किती असेल?

हे सांगायला भीत होते, कारण मी तुला ओळखते. स्वतःचं सोडून "माझ्याच हातून पोरीच्या पोटात गेलं" म्हणून रडत बसशील. तसं करू नकोस. आपल्याला कुणालाच माहीत नव्हतं. अप्पांनाही नाही.

शनिवारी सकाळच्या एसटीनं ये. मिरजेला जाऊ नको असं म्हणायचा मला अधिकार नाही. एवढंच, की त्याआधी रक्त दे. रक्त मी काढणार नाही. आमच्या गल्लीत डॉक्टर नजीरा आहेत, त्यांना सांगून ठेवलंय. तुझं नाव, तुझा आकडा माझ्या कामात कुठेही येणार नाही. निकाल येईपर्यंत थांबा, असं भावजींना मीच फोन करून सांगते.

शिसं निघालं, तर मुरगूडला तुमच्या घरी येऊन सगळ्यांना समोर बसवून सांगेन, की हिचं डोकं फिरलेलं नाही. त्यावर उपाय आहेत, ते आपण दोघी मिळून करू. नाही निघालं, तर मिरजेला तुझ्या शेजारी बसून मी येईन.

नाही निघालं तर माझं सगळं म्हणणं चुकेल, आणि मला आनंदच होईल. हे वाक्य लिहिण्याआधी मी पेन खाली ठेवून स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. हो अक्का, होईल.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली, भ्यालेली,
तुझी
दानेश्वरी