घसारा वजा जाता

२ फेब्रुवारी, सकाळी
बाबांच्या मागे माझ्याकडे आलेलं रिव्हॉल्व्हर विकायचं. निर्णय पक्का. ते घरात आहे तोवर पाऊल ठेवणार नाही, असं ही माहेरून फोनवर म्हणाली. वास्तविक ती लेकीला घेऊन हवापालटासाठी गेली आहे. आठवडाभरात येईल.
मात्र विकायचं म्हणून मातीमोल विकायचं नाही. ठोकलेल्या गाड्यांची विमा कंपनीसाठी किंमत ठरवण्यात माझी हयात गेली. जुन्या वस्तूचा रास्त भाव मला कुणी शिकवू नये.
ता.क. त्या रात्री मी ते फक्त पुसत होतो.

५ फेब्रुवारी
बंदुकीच्या दुकानात गेलो. परवाना असलेला, रीतसर दुकानदार. डोळ्याला भिंग लावून बसला. काळा मुलामा उडालाय, मुठीला तडा, गोळ्यांचं चक्र ढिलं, नळीत गंज. मग आकडा सांगितला. तेवढ्यात बरी सायकलही येत नाही.
म्हटलं, अहो, हा मुलामा असाच नाही उडाला. बाबा बँकेचे गार्ड. रोज म्यानात घासून घासून उडालाय. ही इमानदारीची झीज आहे.
तो म्हणाला, साहेब, झीज ती झीज. घसारा वजा करावाच लागतो.
हेच वाक्य मी गाडीवाल्यांना रोज ऐकवतो. त्याच्या तोंडी उद्धट वाटलं. उठून आलो.
संध्याकाळी हिचा फोन. विकलं का? म्हटलं, भाव पडलाय, जरा थांबू. फोन कट झाला. नेटवर्क खराब असणार.

११ फेब्रुवारी
आजपासून आवाज चढवायचा नाही. कुणावरच नाही. ही आली की फरक तिच्या लक्षात येईल.
दूध उतू गेलं. पातेल्यावर ओरडलो. पातेलं यात धरायचं नाही.
लेकीशी बोललो. शाळेचं विचारलं, तर म्हणाली, बाबा, ते विकलंस का? इतक्या हळू, की मला दोनदा विचारावं लागलं. पोरांच्या डोक्यात मोठी माणसं काय काय भरवतात. ती त्या रात्री झोपलेली होती, असं मी धरून चाललोय.
ता.क. रिव्हॉल्व्हर हातात होतं, हे खरं. पण नळी भिंतीकडे होती. गोळ्या काढलेल्या होत्या. बहुतेक.

२० फेब्रुवारी
दुसऱ्या दुकानात त्याहून कमी. तिसरा हात लावायलाच तयार नाही. पुन्हा पहिल्याकडे. तो म्हणाला, माझा आकडा तोच, आहे तसं घेतो.
इथे मी हुकमाचं पान टाकलं. बाबांनी जन्मात एक गोळी झाडली नाही. बाहेरून जुनं दिसतंय, आतले भाग मात्र कोरे असणार. म्हटलं, पूर्ण उघडा, मग भाव बोला. तो म्हणाला, कशाला उघडायला लावता? मी हट्टच धरला. बुधवारी बोलावलंय.
लढाई जिंकल्यात जमा. हिला फोन केला, तो सासूबाईंनी घेतला. ती कामात आहे म्हणाल्या.
ता.क. भिंतीच्या अलीकडे ही उभी होती. खोलीच लहान आहे.

२५ फेब्रुवारी, दुपारी
दुकानदाराने सगळं उघडून कापडावर मांडलं होतं. गोळीला ठोकते ती पिन चिमट्यात धरून दाखवली. टोकच नाही. म्हणाला, ही झीज नव्हे, कानशीने मुद्दाम घासलीय. हे कधी उडालंच नसतं.
मग विचारलं, हे वडिलांकडे होतं तेव्हा घरात लहान मूल होतं का?
म्हटलं, होतं. मीच.
बाबा आयुष्यभर बँकेच्या दारात हे लोखंड कमरेला लावून उभे राहिले. दरोडा पडला असता तर? कुणाला बोलले नाहीत. आईलाही नाही. मला दुकानात बसून राहावं लागलं. त्याने पाणी दिलं.
आता भावाचा प्रश्नच नाही. ते तिथेच सोडून आलो. तो रीतसर तोडून टाकेल.
रस्त्यात मात्र एकदम लख्ख सुचलं. त्या रात्री धोका नव्हताच की! काही म्हणजे काही झालं नसतं. हिला हे आत्ताच्या आत्ता, समोर जाऊन सांगायचं. आज दोघींना घेऊनच येतो.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळी
एकटाच आलो.
दार हिनेच उघडलं. मागे लेक होती. मला पाहून ती आत सरकली. मी उंबऱ्याबाहेरूनच सगळं एका दमात सांगितलं. पिन, कानस, बाबा. ते उडूच शकलं नसतं, तू उगाच घाबरलीस.
हिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुम्हाला हे त्या रात्री माहीत होतं?
नाही म्हणालो.
खरं बोललो म्हणून ती क्षणभर विरघळली, असं मला वाटलं. मग तिने दार लावलं.
कडीसुद्धा.